मागं सरणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम शिकवताना उलट्या चालायच्या. पडद्यावर आलेख आला की त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागं. बाक, खुर्च्या, आमच्या बॅगा चुकवत मागं. "मागं सरा रे, मागं सरा. जवळून काईच दिसत नाई," असं म्हणत म्हणत त्या एकदा दारातून व्हरांड्यात गेल्या. दार आपोआप बंद झालं, तरी शिकवणं थांबलं नाही. आम्ही आत बसून व्हरांड्यातला आवाज वहीत उतरवून घेतला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःच्याच विषयाने त्यांना इतकी मजा येते की शेजारच्या माणसाला उगीच वाटतं, आपलं काहीतरी राहून गेलं.

आमचं कॉलेज तेलंगणात, आदिलाबादहून इचोड्याकडे जाताना लागायचं. समोरून दिवसभर नागपूर-हैदराबादचे ट्रक. मॅडम तिथे कराराच्या नोकरीवर आल्या होत्या. माहेर सीमेवरच्या गावातलं, कापसाचं घर. शिक्षण आणि संशोधन हैदराबादला. वय वाढतं तसं शरीराच्या पेशींत काय काय बदलतं, याची जगभरात प्रचंड माहिती जमा झाली आहे. ती संगणकावर कशी वाचायची, हे त्यांनी आम्हाला शिकवायचं होतं. आम्ही म्हणजे बायोमेडिकलच्या एम.एस्सी.ची पोरं. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेतलेली आणि बरोबर गणितातच सापडलेली.

पहिल्या आठवड्यात आम्ही काहीही टाइप केलं की पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखवली जायची. स्वप्ना तर रडकुंडीला आली. ती तेलुगू घरातली, मराठी समजायची, पण रडताना तेलुगूत रडायची. मॅडमनी तिथल्या तिथे नियम केला. लाल अक्षरं आली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कारण आता निदान कुठे अडलं ते कळलं. मग काय, तास म्हणजे टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेजारच्या वर्गाने तक्रार केली. प्राचार्य एकदा हार घेऊन आत आले. कुणाचा तरी सत्कार चाललाय आणि आपल्याला बोलावलं नाही, असं त्यांना वाटलं होतं. तो हार मॅडमनी स्वप्नाच्या गळ्यात घालायला लावला.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे "काऊन?", गावाकडचं 'का?'. उत्तर चूक असो की बरोबर, त्या मान तिरकी करून विचारायच्या, "बरं. पण काऊन?" पुस्तकी मराठी त्यांना उत्तम यायची, पण आनंद झाला की गावची बोली सुटायची. आणि आनंद तर त्यांना सारखाच होत असे.

एका गोष्टीवर मात्र त्या हसायच्या नाहीत. आमच्यापुढे जो तक्ता होता, त्यात एकेक रकाना म्हणजे एकेका माणसाचं रक्त. त्या थेंबात हजारो जनुकांपैकी कोणतं किती काम करतंय, त्याचे आकडे खाली. प्रवीण एकदा म्हणाला की या म्हाताऱ्या सॅम्पलमधली दोन-चार टाकून देऊ, त्रास देतात. मॅडम थांबल्या. हळू म्हणाल्या, "हे कोनाचे तरी मायबाप हायेत, प्रवीण. सुई टोचून घेतली त्यायनं. टाकाचं असन तर कारन सांगून टाक." प्रवीणने काही टाकलं नाही.

आणि याच प्रवीणने तो शोध लावला.

त्याने संगणकावर दर माणसामागे एक ठिपका काढला. ज्यांच्या रक्तातले आकडे सारखे, त्यांचे ठिपके जवळ. म्हाताऱ्यांना लाल रंग दिला, तरुणांना निळा. पडद्यावर जे उमटलं ते बघून आम्ही बाकांवर चढलो. सगळे लाल डावीकडे, सगळे निळे उजवीकडे, आणि मधे मोकळं रान. म्हातारपण आणि तरुणपण यांच्यामधली सीमाच जणू आम्हाला दिसली होती. मॅडम तर दोन्ही हात वर करून उलट्या चालत थेट जिन्यापर्यंत गेल्या. स्वप्नाने धावत जाऊन त्यांचा पदर धरला, म्हणून त्या पडल्या नाहीत.

तेवढ्यात प्रवीण प्राचार्यांकडे पोचला होता.

आमचे प्राचार्य मोठ्या मनाचे आणि मोठ्या कार्यक्रमांचे. कॉलेजचं स्नेहसंमेलन जवळ आलंच होतं. त्यांनी फ्लेक्स छापायला टाकला, 'वृद्धत्वावर आमच्या विद्यार्थ्यांचा महान शोध'. आसपासच्या गावांतल्या ज्येष्ठांना शाली देऊन गौरवायचं ठरलं. इंद्रवेल्लीजवळच्या आमच्या गावातून माझ्या आबांनाही बोलावणं गेलं. आबांनी धोतर इस्त्रीला दिलं आणि गावभर सांगितलं की नातीने म्हातारपणावर काहीतरी काढलं आहे, बघून येतो.

मॅडमचा आनंद मात्र दुसऱ्या दिवशी उतरला. त्या पडद्यासमोर बसून राहिल्या, चक्क जवळ. म्हणाल्या, माझी माय सत्तरीची, अजून शेतात चालत जाते. मामा पन्नाशीतच वाकला. खरी माणसं अशी सरळ रांगेत म्हातारी होत नाहीत. "मंग इथं सगळे म्हातारे एका कोपऱ्यात काऊन?"

ज्यांनी ती माहिती गोळा केली होती, त्यांनी सोबत बाकीचा तपशीलही दिला होता. आम्ही तो कधी उघडलाच नव्हता. मॅडमच्या सांगण्यावरून स्वप्नाने ठिपक्यांचे रंग बदलले. वयाप्रमाणे नाही, तर रक्ताची तपासणी ज्या दिवशी झाली त्या दिवसाप्रमाणे. चित्र जसंच्या तसं आलं. म्हाताऱ्यांचं सगळं रक्त एका दिवशी तपासलं होतं, तरुणांचं सगळं दुसऱ्या दिवशी. यंत्र, रसायनं, हवा, सगळंच थोडं बदललेलं. आम्ही म्हातारपण शोधलं नव्हतं. दोन दिवसांमधला फरक शोधला होता.

"अवुना?" स्वप्ना पुटपुटली. खरंच का, असं ती स्वतःलाच विचारत होती. प्रवीणचा चेहरा पांढरा पडला.

मॅडमच्या खांद्यांना हादरे बसू लागले. आम्हाला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. पाणी आणावं लागलं, इतक्या. डोळे पुसत त्यांनी प्रवीणकडे बघून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि हळूहळू आम्हीही. सगळ्यात शेवटी प्रवीणने वाजवल्या.

हसणं ओसरल्यावर त्या प्राचार्यांकडे गेल्या. स्वप्ना, प्रवीण आणि मी दाराशी उभे होतो. प्राचार्य म्हणाले, पत्रिका गेल्या, फ्लेक्स लागला, पाहुणे येणार. एवढा कार्यक्रम होऊन जाऊ द्या, नंतर बघू. मॅडमचा करार त्यांच्याच सहीने वाढणार होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"सर, गावोगावचे म्हातारे येऊन राह्यले," मॅडम म्हणाल्या. "ते खरं समजून घरी जातीन."

प्राचार्य बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. शेवटी म्हणाले, "मग तुम्हीच बोला स्टेजवर. मला ते जमणार नाही."

संमेलनाच्या दिवशी ऊन कडक होतं. ज्येष्ठांना कॉलेजच्या जीपने सकाळीच आणून मांडवात पंख्यांखाली बसवलं होतं. पोरं मैदानातल्या शर्यती संपवून तशीच धावत आली. मॅडम स्टेजवर गेल्या आणि फ्लेक्सकडे एकदा बघून त्यांनी सरळ सांगितलं की हे खरं नाही. मग त्या म्हणाल्या, आत्ता कोणी परका माणूस इथे आला तर त्याला काय दिसेल? सगळ्या तरुणांना घाम, एकाही म्हाताऱ्याला नाही. तो जाऊन सांगेल, म्हातारपणी घाम येत नाही. आम्ही तसंच केलं. कोण पंख्याखाली होतं आणि कोण उन्हात, ते विचारलंच नाही.

पहिल्यांदा हसले ते म्हातारेच. एकमेकांची कपाळं तपासू लागले. मग प्रवीण पुढे आला आणि आपण कुठे चुकलो, ते त्याने स्वतः समजावून सांगितलं. एकही गोष्ट त्याने लपवली नाही.

माझे आबा खांद्यावरची नवी शाल सावरत उठले. "म्हंजे म्हातारपनाचं औषध काई निंघालं नाई म्हना."

"नाई आबाजी. अजून नाई."

"बरं." आबांनी विचार केला. "मंग शाल वापस तं नाई द्या लागत?"

त्यानंतर मांडव जो उसळला, तो आवरेचना. सगळ्यात मोठ्याने प्राचार्य हसत होते, सुटका झालेल्या माणसासारखे. करारावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली.

पुढे मॅडमनी आम्हाला दुसरी माहिती दिली. तिच्यात रोजच्या तपासणीत म्हातारे-तरुण मिसळलेले होते. ठिपके काढले तर सगळे एकमेकांत घुसलेले, जत्रेतल्या गर्दीसारखे. मोकळं रान वगैरे काही नाही. पण नीट मोजल्यावर एक बारीकसा कल उरला. शरीरातल्या दाहाशी, म्हणजे आतल्या सुजेशी, संबंधित काही जनुकं वयाबरोबर थोडीशी, अगदी थोडीशी, जास्त काम करत होती. हे कितीतरी जणांना आधीच माहीत होतं. तरी मॅडमना इतका हर्ष झाला की त्यांनी इचोड्याहून जिलेबी मागवली आणि तक्रार करणाऱ्या शेजारच्या वर्गालाही वाटली.

आमची तुकडी बाहेर पडली, त्याच उन्हाळ्यात त्यांना नागपूरला कायमची जागा मिळाली. आम्ही सगळे आदिलाबादच्या बसस्टँडवर गेलो. स्वप्नाने डबा दिला, प्रवीणने बॅग वर टाकली. त्या खिडकीशी बसल्या. शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर पिशवी घेऊन. तिने काहीतरी विचारलं असावं. बहुतेक, ही पोरं कोण आणि काय शिकतात.

झालं. मॅडम तिच्याकडे वळल्या. खिडकीच्या काचेवर धूळ होती. तिच्यावर त्या बोटाने ठिपके काढू लागल्या, एक इथे, एक तिथे. बस सुरू झाली. आम्ही हात हलवत सोबत धावलो, हाका मारल्या. त्यांचं लक्षच नव्हतं. हसता हसता आम्हाला धावता येईना. बस फाटकातून वळताना शेवटचं दिसलं ते एवढंच की म्हातारीने पिशवी बाजूला ठेवली, पुढे वाकली, आणि स्वतःच्या बोटाने काचेवर आणखी एक ठिपका दिला.