बुधवारची सभा आणि तलावातला डोह

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरलीने विचारलं आहे की गावात काम सुरू करण्याआधी लोकांना काय विचारायचं. मी एकदा काय विचारलं नाही, ते सांगते.

१९५०च्या दशकात मी नागभीडकडच्या गावांत विकास योजनेची सेविका होते. एका गावचा तलाव गाळाने भरला होता. तो खोल केला की धानाला शेवटचं पाणी मिळणार होतं. जीप बुधवारीच मिळे, म्हणून सभा बुधवारी सकाळी घेतली. धानवाले शेतकरी आले, सगळ्यांनी होकार दिला. इंग्रजी फॉर्मवर हरकतींच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘कोणाचीही नाही’.

होळीनंतर तलाव रिकामा करण्यासाठी पाणी सोडायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या ढिवरांपैकी एक म्हातारी तलावाच्या पाळीवर, बांधावर आली.

“बाई, पानी काऊन सोडून राह्यले?”

“तलाव खोल करायचा आहे. गावाला विचारलंय.”

“आमाले कोनं इचारलं?”

“बुधवारी सभा होती.”

“बुधवारी आमी पहाटेच बाजारात जातो, मासोऱ्या इकाले. येवढ्या शिकल्या तुमी, बाजाराचा वार नाई मालूम?”

तिने तलावाच्या मधल्या डोहाकडे हात केला. होळीपासून पावसापर्यंत तिथे ढिवरांपैकी कोणीही जाळं टाकत नसे. उन्हाळाभर मोठे मासे त्या डोहात तग धरत, आणि पावसात त्यांचीच पिल्लं तलावभर होत. गावातली चार ढिवर घरं त्यावरच जगत होती.

मी बैलांच्या छकड्याने योजनेच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “हरकत नाही असं तुम्हीच लिहिलंय.” तरी बरंच विनवल्यावर डोह न उपसता तसाच ठेवण्याची चिठ्ठी त्यांनी दिली. मी परतले तेव्हा डोह उपसून झाला होता. मजुरांनी टोपल्या भरभरून मासळी घरी नेली होती. ढिवर बायका उरलेले जिवंत मासे मडक्यांत घालून शेजारच्या तलावाकडे निघाल्या होत्या. बरेचसे वाटेतच मेले.

त्या वर्षी धान चांगलं झालं. शेतकऱ्यांनी मला सत्काराला बोलावलं, मी गेले नाही. दोन ढिवर घरं कोळशाच्या खाणीवर मजुरीला निघून गेली. त्यांची जाळी म्हातारीच्या छपरीत टांगलेली दिसली.

“कधी परत येतील?” मी विचारलं.

“मासोऱ्या येतीन तवा,” ती म्हणाली, आणि मला बसायला पोतं टाकलं.