शेवटी काय बोलले?

नवरा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांचा मला एवढा तिटकारा येईल असं वाटलं नव्हतं. लोक यायचे, कोचावर ऐसपैस बसायचे, नको नको म्हणत दोनदा चहा घ्यायचे आणि विचारायचे, "कसं झालं हो एकाएकी?" की मी पहिल्यापासून सुरू. दादरला चष्मा दुरुस्तीला गेले, भाजीबाजाराजवळच्या बसस्टॉपवर छातीत दुखलं, खाली बसले, संपलं. एकदा तर नणंद उशिरा आलेल्या आपल्या जावेसाठी म्हणाली, "वहिनी, पुन्हा सांगा ना, हिने सुरुवात ऐकली नाही." जशी काही मालिकाच चालली होती माझ्या घरात.

पण खरी धास्ती होती ती पुढच्या प्रश्नाची. "शेवटी काही बोलले का?" मग मी रुमालात तोंड खुपसायचे. लोकांना वाटायचं, रडते आहे बिचारी. बिचारी तोंड लपवत होती.

चौथ्या दिवशी आमच्या परळच्या बिल्डिंगमधल्या दोघी न विचारता येऊन बसल्या. एक तळमजल्यावरची निवृत्त शिक्षिका, दुसरी आमच्या वरच्या मजल्यावरची, मूळची माहीमची कॅथलिक. दोघींचे नवरे असेच अचानक गेलेले. त्यांचा आपसात एक नियम होता. आपल्या नवऱ्याचं मरण आपण सांगायचं नाही, दुसरीने सांगायचं. "तू गप चहा पी," वरची मला म्हणाली, "बोलायचं काम माझं."

या दोघींना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली होती. संध्याकाळी जिन्यात बसून खिदळतात, विधवा बायका, शोभतं का यांना! आता त्याच माझ्या घरात पाय पसरून बसल्या होत्या आणि मला बरं वाटत होतं. त्याचाही मला राग येत होता.

त्या दिवशी ह्यांच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. त्यांनी तो प्रश्न विचारला आणि वरचीने बेधडक सांगून टाकलं, "बोलले ना! बाजारातून हिला फोन केला. मटार आणू का, विचारलं. ही म्हणाली, आणा."

बाईंनी डोळे पुसले आणि समाधानाने निघून गेल्या. मटारावर रडणारी माणसं!

दार लागल्याबरोबर मी भडकले. "फोनचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही गं. बाजाराजवळ होते ना, म्हणून आपलं सुचलं ते बोलले."

"फोन खरंच आला होता. दोनदा. मी कट केला."

हे गेले त्याच सकाळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात जिलबीचा कागद सापडला होता. डायबिटीस, डॉक्टरांनी हात जोडलेले, आणि हे महाशय लपूनछपून जिलब्या खातात. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मोठी शहाणी मी. इतरांना नावं ठेवण्यात उभा जन्म गेला, आणि नवऱ्याचा शेवटचा फोन जिलबीपायी कापला.

तुझी काय चूक त्यात, असलं काही त्या दोघी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. शिक्षिकेने कपबशा उचलल्या. वरची म्हणाली, "माझा नवरा बाथरूममध्ये पडला. हाक मारत होता. मला वाटलं, टॉवेल मागतोय. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

"पण तो तुझ्या मांडीवर गेला ना?"

"ते ही सांगते." तिने शिक्षिकेकडे बोट दाखवलं.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. मी खूप रडले, रुमालाशिवाय.

"उद्या तुझ्या सासरचे येणार," वरची म्हणाली. "काय सांगू? तू म्हणशील तर काहीच नाही सांगणार."

मी विचार केला. "मटार नको सांगूस. मटार ह्यांना आवडायचे नाहीत. वांगी सांग."

"बरं. आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आणा. आणि लवकर या."