एकास आठ

राजा घाटाजवळच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांची मला भीती वाटायची, कारण ते स्वतःच फार घाबरायचे. डोळ्यांच्या औषधाच्या त्यांच्याकडे दोन बाटल्या असत, एक पाच टक्क्यांची, दुसरी अर्ध्या टक्क्याची. द्यायचं असे एक टक्क्याचं. मग ते पाटीवर मोठी फुली काढून तिच्या टोकांवर आकडे मांडत, तिरप्या वजाबाक्या करत आणि पुटपुटत, "तेज एक भाग, हलकं आठ भाग." ते पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडत. मी घाई केली की म्हणत, "जरा ठहरा, वहिनी. हे आकडे उलटे वाचले तर डोळा जातो."

त्या दिवशी माझ्या तान्हीचे डोळे चिकटले होते. त्यांनी तीनदा हिशेब केला, औषध मिसळलं आणि नेहमीसारखा पहिला थेंब स्वतःच्या उजव्या डोळ्यात टाकला. मी त्यांच्या डोळ्याकडे बघत उभी राहिले. डोळा लाल झाला नाही, नजर धूसर झाली नाही, तेव्हा कुठे त्यांनी बाटली पुढे केली.

"नेहमी उजव्याच डोळ्यात का टाकता?" मी विचारलं.

"डाव्यानं दिसत नाही, वहिनी, त्यात टाकून काय कळणार?" ते पाटी पुसत म्हणाले. "एकदा आकडे उलटे वाचले होते."