लोटा पाटलांचा, ओंजळ मामाजींची

आमच्या गावच्या हवाई संग्रहालयात विमान सोडून विमानाचं सगळं होतं. बाजारहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कापसाचं एक जुनं गोदाम होतं, त्याच्या अर्ध्या भागात ते आम्ही चालवायचो. आम्ही म्हणजे तीन माणसं. एक फौजी, म्हणजे हवाई दलात जन्मभर विमानांचे नटबोल्ट आवळून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना गावात परत आल्यावर आवळायला काहीच उरलं नव्हतं. दुसरी मी, मराठी शाळेतली मास्तरीण, अक्षर बरं म्हणून पाट्या लिहायला जुंपलेली. तिसरे माझे सासरे, म्हणजे मामाजी. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पण सगळ्यात पक्की हजेरी त्यांचीच. पगार कोणालाच नव्हता. चहासुद्धा आमच्याच घरून जायचा.

मूळ गोष्ट अशी, की जपानशी लढाई चालू होती त्या काळात, निजामाच्या राज्यात, एक छोटं विमान इंजिन बंद पडून आमच्या गावच्या पाटलांच्या शेतात उतरलं. उतरलं असं फौजी म्हणायचे, गावकरी म्हणायचे पडलं. ज्वारी निघून गेली होती, नुसती धसकटं उभी होती, त्यात ते पोट घासत गेलं आणि शेताच्या कडेच्या धुऱ्याला जाऊन टेकलं. आत एकच गोरा साहेब. तो वाचला. नंतर पलटणीतले सोजीर आले, साहेबाला आणि इंजिनाला बैलबंडीत घालून घेऊन गेले. बाकीचं जे उरलं ते गावानं घेतलं, आणि गावानं काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही.

पत्र्याची झाकणं झाली, कोंबड्यांची खुराडी झाली. मागचं लहान चाक एका वखराला लागलं. लाकडी पंख्याचं अर्धं पातं लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी घोटायला जायचं, आणि त्यानं घोटलेली भाजी करपत नाही अशी ख्याती होती. वैमानिकाची खुर्ची न्हाव्यानं पटकावली. चाळीस वर्षं अख्खं गाव त्या खुर्चीत बसून दाढी करत आलं होतं. आमच्या यजमानांनी नवरदेव म्हणून दाढी केली तीही त्याच खुर्चीत, हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

हे सगळं गोळा करायचं फौजींच्या डोक्यात आलं ऐंशी सालानंतर कधीतरी. लोक वस्तू द्यायला तयार झाले, पण एका अटीवर: काम पडलं की घेऊन जाणार. त्यामुळे लग्नसराईत आमचं संग्रहालय निम्मं रिकामं असायचं. पात्याच्या जागी मी पाटी लावायची, "सध्या इचोड्याला लग्नात." न्हाव्याची अट तर त्याहून वरचढ. खुर्ची देतो, पण रविवारी मी तिथंच दुकान लावीन. फौजी कपाळाला हात लावून बसले. पण रविवारी दाढीच्या निमित्तानं गर्दी व्हायची, आणि तेवढे प्रेक्षक दुसऱ्या कशानं जमले नसते.

आता पाण्याचं सांगते, कारण खरं भांडण तिथं होतं.

साहेब विमानातून निघाला तेव्हा तहानेनं कासावीस झाला होता आणि त्याला कोणीतरी पाणी पाजलं, इथवर सगळ्यांचं एकमत. कोणी पाजलं, इथं गाव फुटलं. पाटलांच्या घराचं म्हणणं आम्ही. वरच्या आळीचं म्हणणं आम्ही. एक शिंपी सांगायचा, माझ्या आजोबानं. अहो, इतक्यांनी पाजलेलं पाणी तो खरंच प्याला असता तर पडून वाचलेला माणूस बुडून मेला असता! म्हणून फौजींनी नियम काढला: पाटीवर तेच जाईल ज्याला दोन साक्षीदार आहेत, आणि तेही वेगवेगळ्या घरचे. पाटलांच्या घरून पितळी लोटा आला. धाकटे पाटील आणि त्यांच्या दुसऱ्या एका जुन्या सालगड्याचा मुलगा, आपापल्या घरात ऐकलेलं सांगत, साक्षीला उभे राहिले. मी निमूटपणे लिहिलं, "या लोट्याने पाटलांनी वैमानिकाला पाणी पाजले."

आणि त्या पाटीखाली बाकावर बसून मामाजी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "ते चुकीचं हाय. लोटा त्यायचाच. पन पेला तो माह्या ओंजळीतून."

मामाजी त्या काळी पाटलांकडे कामाला. आम्ही बौद्ध झालो ते पुढे. तेव्हा गावाच्या विहिरीला त्यांचा हात चालत नव्हता. रानात तहान लागली की पाटील वरून धार धरायचे आणि यांनी खाली ओंजळ करायची. अशा माणसाच्या ओंजळीतून गोरा साहेब पाणी प्याला, तेही पाटलांच्या देखत? लोक हसायचे. सगळ्यात जास्त चिडायचे ते आमचे यजमान. ते उटनूरच्या कचेरीत कारकून, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

"बाबा, तुमची सावली चालत नव्हती त्यायले. मंग तुमचे हात काऊन चालले?"

"पाटलानं म्हटलं हात धर, मी धरले."

"पन काऊन म्हटलं?"

इथं मामाजी थांबायचे. बंडलातून बिडी काढायचे, ती पेटवायचे नाहीत, नुसती फिरवत बसायचे. कितीही खोदून विचारा, त्या 'काऊन'चं उत्तर यायचं नाही. मग यजमान म्हणायचे, "जाऊ द्या, म्हातारपन हाय." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मामाजींनी आयुष्यात कशाचाही हट्ट धरला नव्हता, जेवणात मीठ कमी असलं तरी न बोलता जेवायचे. एवढी एक ओळ त्यांना पाटीवर हवी होती. छातीचा भाता वाजायला लागला होता त्यांचा, किती हिवाळे काढतील याची मला धास्ती होती. अन् ब्रश माझ्या हातात असून मला ती ओळ लिहिता येत नव्हती. एकदा फौजींशी मी कडाकडा भांडले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, एक साक्षीदार आणा. एकच. आजच्या आज लिहा." साक्षीदार कुठून आणू? त्या शेतातले सगळे वर गेलेले, आणि ऐकीव साक्ष द्यायलाही आमच्या बाजूनं कोणी पुढे येईना.

अशात एका रविवारी, उन्हाळ्याच्या दिवसांत, पाटलीणबाई आल्या. या म्हणजे धाकट्या पाटलांच्या आई, पाणी पाजणाऱ्या थोरल्या पाटलांच्या सून. पाटीलकी सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण या बाईला ते कोणी कळवलं नव्हतं. डोक्यावरून पदर, हातात काठी, आणि दारातूनच हुकूम, "मास्तरीणबाई, लोटा काढा तो. नातीचं लगन हाय. गडगनेराले लागते." गडगनेर म्हणजे केळवण.

"बसा तर आधी," मी म्हटलं. "पाणी आणू? चहा ठेवू?"

"काही नको व माय. आत्ताच घरून गिलासभर मठ्ठा पेऊन आली. पोट डब्ब झालं."

त्या वेळी आत असं दृश्य होतं: वैमानिकाच्या खुर्चीत एक परमुलखातला ट्रकवाला बसलेला. त्याच्या गाडीचा टायर रस्त्यावर बसला होता, तो दुरुस्त होईस्तोवर दाढी उरकून घेत होता. अर्धा गाल साफ, अर्ध्या गालावर फेस. आणि मामाजी त्याला आपल्या हिंदीत समजावत होते, "लोटा उनका, लेकिन पिया वो मेरे हात से. ऐसा. इदर से." दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केलेली.

पाटलीणबाईंना बघताच त्यांची ओंजळ सुटली. मामाजी उठून उभे राहिले. वय झालं, दिवस बदलले, मुलगा कचेरीत लागला, सून मास्तरीण आली, पण त्या घरातलं माणूस दिसलं की त्यांचे गुडघे आपोआप उठायचे. मला याचा फार राग यायचा.

"काऊन थांबला?" पाटलीणबाई म्हणाल्या. "सांग ना त्याले पुरं."

"काही नाई बाईसाहेब. असंच."

"असंच काय? पुरं सांग. आमच्या सासऱ्यानं तुले हात काऊन धराले लावले ते सांग."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. फौजी पंख्याच्या पात्याआडून पुढे आले. मामाजींनी खिशातली बिडी काढली आणि फिरवायला लागले.

बाईंनी काठीनं ट्रकवाल्याला इशारा केला. तो बिचारा फेसासकट उठला. बाई त्या खुर्चीत टेकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हा सांगत नाई त मी सांगतो. मी तथीच होती ना. नवी नवरी, भाकरीचं टोपलं घेऊन धुऱ्यावर उभी. साहेबाचे दोन्ही हात भाजलेले, कातडं लोंबून राह्यलं होतं. पानी पानी करे तो. सासऱ्यानं लोटा भरला. आता तोंडाले लावू द्यावा त गाय खानारा मानूस, लोटा बाटते. वरून धार धरावी त त्याले ओंजळ करता येईना. मोठी पंचाईत! अन् मंग सासऱ्यानं याच्याकडं पाह्यलं. म्हने, तू धर हात. मी वतो, त्याले तुह्या हातातून पेऊ दे. तुह्ये हात आनखी काय बाटतीन?"

न्हाव्यानं वस्तरा मिटून ठेवला.

"असा लोटा वाचला बाप्पा आमचा," बाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर सासू इचारे, लोटा बाटला त नाई ना? सासरे म्हने, अजाबात नाई. दोघंबी खूश. मले हसूबी आलं अन् रडूबी. पन सुनेले कोन इचारते? पोरगा पाटीवर काय लिहवून आला ते मले आज दिसलं."

आता कळलं मला ते 'काऊन' कुठं अडकलं होतं. एवढी वर्षं लोकांनी मामाजींना खोटं ठरवलं, पोटच्या पोरानं ते म्हातारपणावर ढकललं, पण हातांबद्दलचं ते वाक्य त्यांनी तोंडाबाहेर काढलं नाही. माझे डोळे भरून आले आणि रागानं कानही तापले. कोणावर ओरडावं ते समजेना, थोरले पाटील तर मरून गेलेले.

फौजींनी घसा खाकरला. "दोन साक्षीदार झाले. वेगवेगळ्या घरचे."

"मग मी लिहिते," मी म्हटलं. "पण पाटलीणबाई, मी कारणासकट लिहिणार. लग्नाला पाहुणे येतील, वाचतील."

"लिही ना व. मी का भेतो?" असं म्हणून त्यांनी फळीवरच्या लोट्याकडे पाहिलं. मग काठी न्हाव्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तो लोटा भरून आन बरं. मले पानी पाह्यजे."

मी माठातून लोटा भरून आणला, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"मले नको देऊ. याच्या हातावर वत." आणि मामाजींकडे बघून, "धर ना गा हात. त्या साहेबाले धरले तसे."

मामाजी पुढे यायला तयार होईनात. त्यांनी आधी हात धोतराला पुसले, मग माठापाशी जाऊन धुतले, मग परत पुसले. शेवटी ट्रकवालाच म्हणाला, "अरे बाबा, माँ को प्यास लगी है, पिला दो ना!" तेव्हा कुठं त्यांनी ओंजळ पुढे केली. मी धार धरली. बाई त्या खुर्चीतून वाकून, पदर एका हातानं आवरत, मामाजींच्या हाताला तोंड लावून पाणी प्याल्या. निम्मं पाणी मामाजींच्या बोटांमधून खुर्चीवर सांडलं. बाई थांबल्या नाहीत. "आनखी वत," म्हणाल्या, आणि ओंजळ रिकामी झाल्यावरच तोंड वर केलं.

मग लोटा माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला, आणि "लग्नाले या सगळे, पातंबी पाठवा," असं बजावून निघून गेल्या. ट्रकवाल्याची उरलेली दाढी झाली. मी त्याच दुपारी पाटी लिहिली: "लोटा पाटलांचा. ओंजळ त्यांच्या गड्याची. वैमानिकाचे हात भाजले होते आणि लोटा बाटायला नको होता, म्हणून." लोटा जागेवर नव्हताच, तेव्हा रिकाम्या फळीवर नुसती पाटी उभी राहिली. फौजींनी ती तीनदा सरळ केली. मामाजींना अक्षर येत नव्हतं, त्यांनी मला ती वाचून दाखवायला लावली, आणि 'म्हणून'पाशी आल्यावर मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. मामाजी आपल्या हातांकडे बघत चालले होते. मला वाटलं खूश असतील, म्हणून मी म्हटलं, "झालं ना मामाजी मनासारखं? आता कोणाची बिशाद आहे तुम्हाला खोटं म्हणायची. साहेब तुमच्याच हातून प्याला."

"साहेबाचं सोड," मामाजी म्हणाले. "तो तहानेनं मरून राह्यला होता पोरी. तो कोनाच्याबी हातचं पेला असता." चार पावलं गेल्यावर ते थांबले, त्यांना धाप लागली होती. मग म्हणाले, "बाईले तहान नव्हती."