रजईखालचा उजेड

माझी थोरली बहीण, अक्का, डिसेंबरात सांगलीहून जयपूरला आमच्याकडे आली. दोन बॅगा, भडंगाचा मोठा डबा आणि तपासण्यांची जाड फाईल एवढं तिचं सामान होतं. तिला गुदाशयाचा कॅन्सर होता. किरणं आणि गोळ्या तिकडेच झाल्या होत्या, आता ऑपरेशन उरलं होतं. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आजारपण काढायचं तर धाकट्या भावाकडे, हे न बोलता ठरलेलं होतं.

इथल्या सर्जननी फाईल नीट वाचली आणि सांगलीच्या डॉक्टरांसारखंच मत दिलं. गाठ लहान झाली आहे, पण गेलेली नाही. ऑपरेशन करावं, फार लांबवू नये. पोटावर शौचासाठी पिशवी लावावी लागेल का, लागली तर काही महिन्यांपुरती की कायमची, हे आत पाहिल्यावरच कळेल. अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचार करून सांगते म्हणाली. परत येताना गाडीत तिने आमच्या मुलीबद्दल विचारलं. तिचं औषध कुठवर आलंय?

मुलगी इथल्याच एका विद्यापीठात पीएच.डी. करते. तिचा विषय मला जेवढा समजला आहे तेवढाच लिहितो. काही औषधं अंधारात निरुपद्रवी असतात आणि ठरावीक रंगाचा उजेड पडला की जागी होऊन आसपासच्या पेशी मारतात. गाठीत औषध पोचवायचं आणि फक्त गाठीवर उजेड टाकायचा, म्हणजे बाकीचं शरीर वाचतं. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. तिचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती ते चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये भरते. त्या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. हे सगळं प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये वाढवलेल्या पेशींवर चाललेलं आहे. माणसावर नाही, उंदरावरही नाही.

अक्काने यातलं एवढंच धरलं होतं की कापाकापी नाही आणि पोटावर पिशवी नाही. ती मुख्याध्यापिका होती. तिच्या साडीच्या निऱ्या मी कधी विस्कटलेल्या पाहिल्या नाहीत. मरणाबद्दल ती सहज बोलायची, पिशवीबद्दल मात्र एकदाच बोलली, तेही माझ्या बायकोजवळ. वर्गात मुलींसमोर उभी आहे आणि वास येतोय, असं तिला स्वप्न पडलं होतं.

आठवडा गेला. सर्जनच्या ऑफिसातून दोनदा फोन आला. अक्का रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसायची आणि मुलगी स्कूटीची किल्ली शोधत खाली धावत असली की वरून विचारायची, "काय गं, आज किती मेल्या?" मुलगी हसून हात हलवायची. बायकोचं म्हणणं होतं की आशा आहे तर असू द्यावी, माणूस आशेवरच उभं राहतं. मी विम्याच्या कचेरीत आयुष्य काढलं आहे. कोणी काही सांगितलं की कितीपैकी किती, हे मी आधी विचारतो. अक्कालाही मी तसंच समजावायला गेलो. अशी किती औषधं ताटलीत चालतात आणि त्यांतली किती दवाखान्यापर्यंत पोचतात, असं काहीतरी. तिने शेंगदाणे निवडता निवडता ऐकलं.

"तुझं झालं?" ती म्हणाली. "मग आता तिला पाठव. विमावाल्याकडनं मला औषध घ्यायचं नाहीय."

मुलगी मात्र तिच्यासमोर एकटी बसायचं टाळत होती. सकाळी लवकर जायची, आली की डोकं दुखतंय म्हणायची. मला वाटलं, नाही म्हणायचं तिच्या जिवावर येत असेल. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अक्काने तिला हाताला धरून आपल्या पलंगावर बसवलं. मी दाराजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. उठून जावं असं वाटलं, पण गेलो नाही.

अक्काने सरळ विचारलं की तुझं औषध मला कधी मिळेल. मुलगी म्हणाली, नाही मिळणार. अक्का म्हणाली, का ते सांग, नुसतं नाही सांगू नकोस. मुलीने थोडा विचार केला, पायाजवळची रजई उचलली आणि दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली. आतून मोबाइलचा टॉर्च लागला. रजईचा ढीग हलायला लागला आणि अक्का हसली.

"अगं, गुदमरवतीस काय मला."

"आत्या, हात द्या. मूठ नाही, असा सरळ. आता बघा, बोटं लाल दिसतात ना? मतलब लाल उजेड आरपार येतो. आता तळहातावर ठेवते. इथे बघा, कमी झाला. आता मनगट."

"काही दिसत नाही."

"तेच. उजेड जास्त आत जात नाही. एक सेंटीमीटर गेला तरी बहुत झालं."

मग अक्काने शाळेतल्यासारखा प्रश्न विचारला. माझ्या पोटात ते दुर्बीण घालतात, तिला दिवा असतो, मग उजेड आत का नेता येत नाही? प्रश्न बरोबर होता. मलाही तो सुचला नव्हता. मुलीने सांगितलं की नेता येतो, काही आजारांत नेतातही, गाठ वरवरची आणि पातळ असेल तर. आत्याची गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली आहे. वरचा थर मरेल आणि खालचा जगेल.

"आणि दुसरं," मुलगी म्हणाली आणि थांबली. टॉर्च विझला. "माझं औषध अंधारातही पेशी मारतंय, आत्या."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

मग ती बराच वेळ बोलली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. प्रत्येक प्रयोगात काही ताटल्या काळ्या कागदात गुंडाळून ठेवतात. त्यांत औषध असतं, पण त्यांना उजेड दाखवत नाहीत. तिथल्या पेशी जगायला हव्यात. दिवाळीपासून तिच्याकडे त्याही मरत होत्या. पिशव्या फुटून औषध बाहेर येतं, की पिशव्यांची चरबीच पेशींना बाधते, की आणखी काही, ते तिला कळत नव्हतं. गाईडना ती अजून नीट सांगू शकली नव्हती. आणि रोज सकाळी आत्या गच्चीवरून विचारायची की आज किती मेल्या.

अक्काने रजई खाली केली. केस विस्कटले होते, चष्मा कपाळावर गेला होता. मुलगी रडत नव्हती, पण नाक लाल झालं होतं.

"म्हणजे ज्या मरायला नकोत त्या मरतायत," अक्का म्हणाली.

"हो."

"आणि तू तोंड लपवत हिंडतीस."

"हो."

"बापाला सांगितलंस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. अक्कानेही पाहिलं, मग म्हणाली, "जाऊ दे. त्याने टक्केवारी काढली असती."

मी पेपर खाली ठेवला.

अक्काने चष्मा नीट लावला, पदर सारखा केला. तिने मुलीला उद्याच्या उद्या गाईडना सगळं सांगायला बजावलं. चुकलेलं गणित पाटीवर झाकून ठेवलं तर ते कोणी सोडवून देत नाही, असं ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने सर्जनना फोन लावायला सांगितलं. मी म्हटलं, रविवार आहे. ती म्हणाली, मग उद्या लाव. पण तिची एक अट होती.

"शुद्धीवर आल्यावर पिशवी आहे का नाही, ते हिने सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही सगळे आधी बाकीचंच बोलाल."

ऑपरेशन सांगितल्यापेक्षा जास्त वेळ चाललं. मुलीने त्या दिवशी प्रयोग लावले नव्हते. गाईडनी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं होतं. म्हणजे निदान सहा महिने गेले, असं ती बाहेरच्या बाकावर बसून म्हणाली. बायकोने आणलेल्या पराठ्यांतला अर्धा तिने खाल्ला. संध्याकाळी एकेकाला आत सोडलं तेव्हा आधी तिला पाठवलं. दाराच्या काचेतून मी पाहत होतो. अक्काचे डोळे अर्धवट उघडे होते. तिचा हात चादरीखाली पोटाकडे सरकायला लागला, तेवढ्यात मुलीने तो धरला आणि वाकून काहीतरी सांगितलं. एकच शब्द असावा, ओठ तेवढेच हलले.

अक्काने डोळे मिटले. मुलगी हात धरून उभी राहिली. नर्सने वेळ संपल्याची खूण केली. तेव्हा अक्का काहीतरी पुटपुटली आणि मुलगी मान हलवून बाहेर आली.

"पिशवी आहे," तिने आम्हाला सांगितलं. "डॉक्टर म्हणतात बहुतेक काढता येईल, पण ते मी तिला नाही सांगितलं. बहुतेक आहे ना ते."

आत्या काय म्हणाली, असं मी विचारलं.

"म्हणाली, बरं. आता बापाला आत पाठव."