सैल टोप

नाटकमंडळीचा टोपवाला चाळीस वर्षं लाकडी ठोकळ्यावर टोप विणत आला. टोप करकचून बसलाच पाहिजे, ऐन प्रवेशात निसटला तर अब्रू गेली, हा त्याचा बाणा. कवटी त्याच्या लेखी ठोकळाच!

मग बायकोच्या मेंदूत गाठ निघाली. "माझ्या शरीरालाच तिचा पत्ता नाही, ते लढतच नाही, मग कापाकापी कशाला?" ती हटून बसली.

"पत्ता आहे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठीवरच्या कवटीच्या हाडातल्या मज्जेत लढणाऱ्या पेशी असतात. बारीक वाटांनी त्या गाठीकडे उतरतात. एकट्या पुरतील असं नाही, पण झुंजतात."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. "ऐकलंत? जन्मभर डोक्याला ठोकळा म्हणालात!" आणि शस्त्रक्रियेला तयार झाली.

पुढच्या उपचारांत केस गेले. त्यानं तिच्याच जपून ठेवलेल्या वेणीचा टोप विणला.

"अहो, हा इथं सैल लागतोय," ती आरशासमोर म्हणाली. "हात थकले वाटतं?"

"नाही गं." व्रणाजवळ हलकेच बोट ठेवत तो म्हणाला, "आत मंडळी कामाला लागलीत. त्यांना दाटी नको."