माळटिटवीशेजारचा लाल दगड

विष्णुपंतांनी दगडाला लाल रंग फासला आणि सगळा घोटाळा केला.

त्यांची उभी हयात कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. तिथे लाल पट्टा म्हणजे ‘हात लावू नका’. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या लोणच्याच्या बरणीलाही पट्टा मारला होता. त्यांच्या पत्नी शैलजाकाकूंनी आधी रंग खरवडला, मग पंतांना.

जबलपूरबाहेरच्या माळावर पक्षिमित्रांची रविवारची गणती पंत करत. लोकांना ती पडीक जमीन. पंतांना तिथे चंडोल, तित्तिर आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारी माळटिटवी दिसे. फाल्गुनात टिटवीची अंडी सापडली. बकऱ्या चारणाऱ्या अंजनीला त्यांनी गळ घातली, तेवढा तुकडा सोड. तिनं सोडला, रोज लांबचा फेरा घेतला. अंडी नेमकी कुठे, ते मात्र पंतांनी तिला सांगितलं नाही. बकरीवाल्यांचा काय भरवसा! गणतीला येणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून शेजारी दगड ठेवला आणि सवयीनं रंगवला.

मग चैत्राचं नवरात्र आलं. माळावर लाल दगड! वस्तीतल्या बायकांनी पाणी घातलं, जास्वंद वाहिली, चुनरी चढवली. दिवसभर ये-जा. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरल्या, अंडी उन्हात भाजली, जोडी निघून गेली.

“काहून जेवत नाही जी?” काकू म्हणाल्या. “टिटवीचं सुतक पाळून राहिले का?”

“जीव गेले, शैला. माझ्या ब्रशानं.”

“मग मला काय सांगता? अंजनीला सांगा.”

तेच जड होतं. अंजनीही त्याच दगडाला हात जोडत होती. पण दगड तिथे राहिला तर जोडी पुन्हा फिरकणार नव्हती. शेवटी पंत तिच्यापुढे उभे राहिले.

“अंजनी, वो रंग मैंने लगाया था. अंडों की निशानी थी. वहाँ देवी नहीं है.”

अंजनी हसली. “लगाया होगा, बाबूजी. अब तो मैया हैं.” मग हसू मावळलं. “पर अंडे वहीं थे? मुझे बता देते. मैं सबको दूर बिठा देती.”

पंतांची मान खाली गेली ती वर येईना.

तिनंच बायका जमवल्या. गाणी म्हणत दगड माळाच्या कडेला कडुनिंबाखाली नेला. “जगह बदली है, मैया नाराज़ न हों. नारियल आप चढ़ाना, बाबूजी, बस, माफ़.”

वैशाखात जोडी परतली. या वेळी पंतांनी घरटं सगळ्यांत आधी अंजनीला नेऊन दाखवलं. रंगाचा डबा कुलपात गेला.

नारळ मात्र राहिला. नर्मदेच्या ग्वारीघाटावरून आणतात, आणि घरी त्याची चटणी होते. एका नारळात हे फिटावं, हेच त्यांच्या मनाला पटत नाही.

“बाबूजी, नारियल?” अंजनी दर रविवारी विचारते.

“अगले इतवार,” म्हणत पंत दुर्बिणीच्या स्वच्छ काचा उगाच पुसत बसतात.